‘फक्त तासाभराचा प्रश्न’ सांगणाऱ्या काकांस

श्री. तिसऱ्या मजल्यावरचे काका यांस,



हे पत्र पाकिटात घालून तुमच्या दाराखालून सरकवता आलं असतं. पण तुमचं कार्य एका दारामागे मावणारं नाही. सोसायटीत महिन्याला पाण्याचे किती टँकर आले याचा हिशेब सूचनाफलकावर लागतो. तुमच्या सल्ल्याने किती घरं पाण्यात गेली याचाही लागावा, म्हणून हा खटाटोप.

लिफ्टपाशी उभं राहायचं, आठ-नऊ वर्षांचं पोर दिसलं की त्याला नखशिखांत न्याहाळायचं आणि आईबापांना सांगायचं, “हाडपेर चांगलं आहे हो! स्विमिंगच्या टीममध्ये घाला. फक्त तासाभराचा प्रश्न आहे.” ही तुमची समाजसेवा अव्याहत चालू आहे. आमची कन्या तुमच्या लाभार्थींच्या यादीत कितवी, ते तुम्हालाच ठाऊक. आता बी विंगमध्ये नवं बिऱ्हाड आलंय, त्यांचा मुलगा तिसरीत आहे, आणि परवा तुम्ही त्याच्या वडिलांच्या पिशव्या वर न्यायला मदत करत होतात असं कळलं. तुम्ही पिशव्या उचलता म्हणजे काय, हे मी ओळखून आहे. म्हणून आधी हे वाचा.

तुम्ही खोटं बोललात असं कोणी म्हणणार नाही. तास एकच होता. फक्त तो पहाटे साडेपाचला सुरू होणारा तास होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काय लटकलेलं असतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. साडेचारचा गजर. झोपेतल्या मुलीला टोपी-गॉगल आठवले का विचारणं. पाण्यात उतरण्याआधी काठावर व्यायाम. बाहेर आल्यावर ओले केस, खांद्यावर दप्तर, हातात ओला टॉवेल आणि गाडीतच पोळीचा रोल. शाळेत पहिल्या तासाला डुलकी आणि त्याबद्दल बाईंची डायरीत नोंद. रात्री साडेआठला दिवे बंद, म्हणजे आमचेही. लग्नाची रिसेप्शनं आम्ही हल्ली फोटोंत बघतो. उन्हाळ्यात कोकणात जायचं तर निवड चाचणी, गणपतीत जायचं तर शिबिर. सासूबाईंनी एकदा विचारलं, “पोहायला कोण जातं, ती की तुम्ही सगळे?” उत्तरासाठी त्यांना मी तुमच्याकडेच पाठवणार होते.

मुळात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून विकता. पोहायला शिकणं ही एक गोष्ट. ती प्रत्येक पोराने करावी. नदी, विहीर, समुद्र आणि पिकनिक असलेल्या राज्यात ती करणं शहाणपणाचं आहे, आणि तिला उन्हाळी बॅचचा रोजचा तास खरंच पुरतो. टीममध्ये पोहणं ही दुसरी गोष्ट. तिथे पोर बुडत नाही एवढं पुरत नाही. चारही प्रकार नियमात बसवून यावे लागतात: फ्री, बॅक, ब्रेस्ट, फ्लाय. त्यात भिंतीवरची कोलांटी आणि ठोकळ्यावरून सूर आला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्यातले तीन-चार दिवस भरपूर होतात आणि ते सगळे हातपाय नीट मारायला शिकण्यात गेले पाहिजेत, हे कुठलाही बरा कोच पहिल्या भेटीत सांगतो. तेरा-चौदा वर्षांचं झाल्यावर तेच मूल एका सत्रात चार-पाच किलोमीटर कापतं. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये पाच किलोमीटर म्हणजे दोनशे वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खाली लेनची काळी पट्टी, वर काही नाही, कानात पाणी, बोलायला कोणी नाही. क्रिकेटमध्ये पोर निदान सीमारेषेवर उभं राहून घार बघतं. इथे विरंगुळा म्हणजे पट्टीच्या शेवटी असलेला टी.

हा कंटाळा खेळाचा गाभा आहे, काका. जे मूल तो कंटाळा सोसतं, किंवा त्यात आपलं काहीतरी शोधतं, ते टिकतं. आमची कन्या पहिली दोन वर्षं मनातल्या मनात पाढे म्हणत असे, नंतर शाळेच्या गॅदरिंगची नाटकं रचू लागली. हे तिने मला सांगितलं तेव्हा मला कळलं की ही बहुधा टिकणार. तुम्ही आमच्या पोरीची उंची मोजलीत, तळव्यांचा आकार बघितलात. कंटाळा सोसवतो का, हे विचारलं नाहीत. तेवढा एक प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला विचारून उत्तर मिळत नाही हे खरं; पण महिनाभर पाठवून बघा, वर्षाची फी एकदम भरू नका, असं तरी म्हणायचं.

तुमचं दुसरं हत्यार म्हणजे वीरधवल खाडे. “आपल्या कोल्हापूरचा पोरगा बघा, कुठे पोचला!” पोचला हे खरंच. सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, आणि २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य; जलतरणात भारताला १९८६ मधल्या खजानसिंगच्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी मिळालेलं आशियाई पदक. तुमची गोष्ट तिथे संपते. मला तिच्या आधीचं आणि नंतरचं जास्त बोलकं वाटतं. कोल्हापूरच्या या मुलाला वरच्या दर्जाच्या सरावासाठी बंगळूर गाठावं लागलं. पदकानंतर तो तहसीलदार झाला, आणि सरकारी नोकरी सांभाळून पोहणं म्हणजे काय हे कोणाही नोकरदाराला समजावून सांगायला नको. तरीही २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत होता. वेळ २२.४७ सेकंद. कांस्य घेणाऱ्याची २२.४६. त्या वेगाने एक शतांश सेकंदात माणूस सव्वादोन सेंटिमीटर जातो. बोटाचं एक पेर. पदक नाही, चौथा क्रमांक.

असा हा हिशेबी खेळ. आणि तुम्ही लिफ्टपाशी “वर्षभरात मेडल” असं वाटत फिरता.

पदकावरून स्पर्धेचा दिवस आठवला. तुम्ही म्हणाला होतात, “रविवारी सकाळी जायचं, पोहायचं, जेवायला घरी.” आम्ही सातला हजर. वॉर्मअपला एका लेनमध्ये पंधरा पोरं, एकमेकांच्या पायांना हात लावत. मग यादी लागते: कुठली हीट, कुठली लेन. जलद पोरं मधल्या लेनमध्ये आणि कडेच्या लेनमध्ये बाकीची, ही रीत आहे; एक नंबरची लेन मिळाली म्हणून सरांशी भांडायला जाणारे वडील मी पाहिलेत. मग बसायचं. गॅलरीच्या सिमेंटवर, क्लोरीनच्या दमट वाफेत, गोणभर बॅगांच्या मध्ये. मुलीची शर्यत दुपारी एकच्या सुमारास होते. पन्नास मीटर ब्रेस्ट, चाळीस-बेचाळीस सेकंद. म्हणजे सहा तास बसून तुम्ही पाऊण मिनिटाचा खेळ बघता, आणि त्यातही ऐन वेळी पुढचे काका उभे राहतात.

आणि त्या पाऊण मिनिटानंतर निकालपत्रात नावापुढे डीक्यू, म्हणजे बाद.

ब्रेस्ट आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. डावा आधी, उजवा मागाहून असं झालं तर बाद. ठोकळ्यावरून बझरआधी सुटला, बाद. पूर्वी एखादी चूक माफ असे, आता नाही. फ्री, बॅक आणि फ्लायमध्ये पंधरा मीटरच्या पुढे पाण्याखाली राहिला, बाद. जगज्जेतेही बाद होतात आणि दुसऱ्या दिवशी परत पोहतात. पण नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायला त्या क्षणी कोणाची जीभ वळत नाही. यावर तुमचा मौलिक सल्ला माझ्या वहीत अजून आहे: “परतताना गाडीत चुका सांगून टाकाव्यात. डोकं ताजं असतं.” काका, गाडीतून ती उतरू शकत नाही, एवढंच तिचं डोकं ताजं असतं. आम्ही गाडीत थालीपीठ देतो आणि रेडिओ लावतो. चुका सांगायला कोच आहेत, त्यांना त्याचे पैसे मिळतात, आणि तेही सोमवारी पाण्यात सांगतात, रविवारी गाडीत नाही. शर्यतीनंतर आईबापांनी विचारण्याजोगा प्रश्न एकच: भूक लागलीय का? उत्तर कायम हो असतं. टीममध्ये गेलेलं मूल काय खातं, हाही तुम्ही गाळलेला भाग. सात पोळ्या. राजगिऱ्याचे लाडू डब्यात ठेवले की डबा धुवायला परत येतो. महिन्याच्या वाण्याच्या बिलाला स्विमिंगची फी असं वेगळं नाव द्यायची पद्धत आमच्याकडे पडली आहे.

आता तुमच्या मोबाइलबद्दल. गॅलरीत बसून तुम्ही इतरांच्या मुलांची वेळ घेता. तुमच्या अंगठ्याने घेतलेली वेळ आणि टचपॅडवरची वेळ यात दोन-तीन दशांशांचा फरक सहज पडतो, कारण बझर ऐकून अंगठा हलायला वेळ जातो. त्यातही तुम्ही पंचवीस मीटर टँकमधली वेळ पन्नास मीटरमधल्या वेळेशी ताडून बघता. शंभर मीटरच्या शर्यतीत छोट्या टँकमध्ये तीन वेळा भिंतीला लाथ मारून पुढे निघता येतं, मोठ्यात एकदाच. म्हणून छोट्या टँकमधली वेळ नेहमी देखणी दिसते. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेला “स्टेटचा क्वालिफाइंग टाइम मोडला!!!” हा संदेश याच हिशेबातून जन्मला होता, आणि त्या मुलाच्या आजीने त्यावर पेढे वाटले होते. बालेवाडीला पन्नास मीटरमध्ये तो मुलगा पोहला तेव्हा काय झालं, ते पेढे खाल्लेल्यांना कोणी सांगितलं नाही.

बालेवाडीचं नाव निघालंच म्हणून सांगते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं, आणि पन्नास मीटरचा तलाव पुण्यात मुलांना मिळाला. असे तलाव आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुंबईत दादरला शिवाजी पार्कापाशी महापालिकेचा आहे. बाकी बहुतेक टीम पंचवीस मीटरमध्ये वाढतात, त्यातही मे महिन्यात उन्हाळी बॅचच्या गर्दीला लेन द्याव्या लागतात, आणि पाणीकपात जाहीर झाली की पहिलं कुलूप तलावाला. बऱ्याच तलावांत पाणी गरम करायची सोय नसते. डिसेंबरात पहाटे पोरांचे ओठ जांभळे होतात आणि काठावरचे आईबाप स्वेटर घालून “उतर, उतर” म्हणतात. करोनात तलाव महिनोन् महिने बंद होते, तेव्हा अभिनेता आर. माधवनने मुलाच्या सरावासाठी बिऱ्हाड दुबईला हलवलं. त्याचा मुलगा महाराष्ट्राकडून पोहला म्हणून तुम्ही त्याचंही नाव घेता. आमचं बिऱ्हाड हलवायचं झालं तर चिंचवडपर्यंत हलेल.

दादरच्या तलावाची आणखी एक ख्याती आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे मगरीचं पिल्लू सापडलं. खोटं वाटत असेल तर जुने पेपर काढा. आमच्या कन्येच्या टीममध्ये महिनाभर एकच चर्चा होती की मगर कोणत्या लेनमध्ये पोहते आणि तिचा फ्लाय कसा आहे.

पाण्याचंच चाललंय तर आणखी एक. तुम्ही तलावाच्या काठावर खोल श्वास घेऊन म्हणता, “वा, क्लोरीन भरपूर टाकलंय, स्वच्छ आहे.” तो डोळ्यांत चढणारा वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, तेल आणि मुलं जे कबूल करत नाहीत ते, यांच्याशी क्लोरीनची गाठ पडून क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. वास जितका उग्र, तितकी पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करणारी माणसं कमी. टीम निवडताना नाकाचा एवढा उपयोग करता येतो. मी नव्या आईबापांना सांगते, फलकावरची पदकं नंतर मोजा, आधी शॉवर चालू आहेत का बघा.

पोशाखाबद्दल तुम्ही गप्प होतात, ते मी तुमच्या दयाळूपणात जमा धरते. चष्मे, टोप्या, फिन, पॅडल, किकबोर्ड, पुल बॉय, जाळीची बॅग. हे सगळं हळूहळू घरात येतं आणि बाल्कनीत वाळत राहतं. त्यावर स्पर्धेचा तो चिकट, घट्ट सूट. अंगात चढवायला पंधरा-वीस मिनिटं आणि दोन आया लागतात, नख लागलं तर फाटतो, आणि चांगल्याची किंमत पाच आकडी. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत अंगभर प्लास्टिकसारख्या सुटांमुळे ४३ विश्वविक्रम पडले, तेव्हा जागतिक संघटनेने २०१० पासून ते बंद करून कापडी, मर्यादित लांबीचेच ठेवले. पुढे अमेरिकेच्या संघटनेने २०२० मध्ये बारा आणि त्याहून लहान मुलांना असे महागडे सूट स्पर्धेत घालायला मनाई केली. त्या वयात वेळ कमी व्हायची ती शिकून आणि वाढून व्हावी, खिशातून नव्हे, म्हणून. आणि आपल्याकडे? तुमच्या शिफारशीने पाचव्या मजल्यावरच्यांनी नऊ वर्षांच्या मुलासाठी तो परदेशातून मागवला. तीन महिन्यांनी मुलाने उंची घेतली. सूट आता तुमच्याकडे विक्रीला आला आहे असं ऐकते.

उंची घेण्यावरून तुमचा सगळ्यात मोठा पराक्रम आठवतो. अकराव्या वर्षी जिंकणारं मूल बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेलं असतं. भारतीय जलतरण महासंघाचे वयोगट जन्मसालावर ठरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली मुलगी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच ठोकळ्यांवर उभ्या राहतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे कधीकधी वीतभर उंची. शालेय स्पर्धांचे गट पुन्हा वेगळे, चौदा-सतरा-एकोणीसचे, त्यामुळे एकच मूल इकडे थोरलं, तिकडे धाकटं. मग मुली बारा-तेराच्या होतात, शरीर बदलतं, आणि वर्ष-दीड वर्ष वेळ जागची हलत नाही. कधी वाढतेसुद्धा. काल मागे असलेली मुलं अचानक पुढे जातात. कुठल्याही अनुभवी कोचला हे पाठ असतं. मी तुम्हाला आमच्या घरची चिंता सांगितली तेव्हा तुम्ही दोन उपाय सुचवलेत. पहिला, कोच बदला. दुसरा तुम्ही आवाज खाली आणून सुचवलात: जन्मदाखल्याचं “बघता येईल”.

तो दुसरा उपाय इथे मुद्दाम जाहीर करते. वय चोरणं हा आपल्या खेळांना लागलेला इतका जुना रोग आहे की केंद्र सरकारला २०१० मध्ये त्यावर स्वतंत्र राष्ट्रीय संहिता काढावी लागली. वैद्यकीय तपासणी होते, पकडलं गेलं की बंदी येते. पण बंदी सोडा. वयाने मोठ्या मुलाने लहान गटात घेतलेलं प्रत्येक पदक दुसऱ्या कुठल्यातरी मुलीच्या गळ्यातून काढलेलं असतं, आणि ती मुलगी घरी जाऊन आईला विचारते की मी जास्त मेहनत कशी करू. हा प्रश्न मी ऐकला आहे. तुम्ही ऐकला असता तर तुमचा आवाज खाली आला नसता, बंदच झाला असता.

इथे थोडं टोमणे बाजूला ठेवते. टीममध्ये घालताना विचारायच्या गोष्टी तुम्ही कधी कोणाला सांगितल्या नाहीत, म्हणून बी विंगच्या वडिलांसाठी मीच लिहिते. सरावाच्या वेळी जीवरक्षक हजर असतो का, की कोचच मोबाइल बघत दोन्ही कामं करतात? एका कोचमागे किती मुलं? मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी आहे का, आणि तिथे बाई असते का? बाहेरगावी स्पर्धेला संघ जातो तेव्हा मुलींबरोबर महिला व्यवस्थापक असते का, खोल्या कशा वाटतात? कोच मुलाला रात्री खासगी संदेश पाठवतात का? पालकांना सराव बघू देतात का? यातल्या एकाही प्रश्नावर कोणी तोंड वाकडं केलं, तर तिथून निघावं, पदकांचं कपाट कितीही भरलेलं असो. २०१९ मध्ये गोव्यातल्या एका कोचचा एका अल्पवयीन जलतरणपटूवर चाललेला अत्याचार व्हिडिओमुळे उघड झाला. अटक झाली, महासंघाने बंदी घातली. ती मुलगी लहान गटातली गुणी खेळाडू होती, आणि घरच्यांचा त्या माणसावर विश्वास होता. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. तो घडून गेल्यावर उपयोगी पडतो. आधी उपयोगी पडतात ते हे प्रश्न.

आणि दुखणं. “थोडं दुखणारच, खेळाडू आहे” हे तुमचं वाक्य. जलतरणपटूचा खांदा हे डॉक्टरांच्या बोलण्यातलं रूढ दुखणं आहे. हजारो वेळा डोक्यावरून फिरणारा तोच हात, आणि चुकीच्या पद्धतीने फिरत असेल तर लवकर. पोहून दमलेला खांदा आणि दुखणारा खांदा यांतला फरक मुलं सांगतात, फक्त कोणीतरी विचारावं लागतं. आमच्या कन्येने तो सांगितला तेव्हा तिच्या सरांनी तीन आठवडे नुसती किक मारायला लावली. तुम्ही तेव्हा काय म्हणालात? “सर नरम आहेत.”

तुमच्या चिरंजीवांना मध्यंतरी भेटले. तुम्हाला सांगितलं नसेल त्यांनी. तेच ते, ज्यांचं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र तुमच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये आहे. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि दोन्ही तुम्ही लिफ्टपाशी दर वेळी सांगता. चिरंजीव म्हणाले, “दहावीचा निकाल लागला त्या दिवसापासून बाबांनी माझा टाइम विचारला नाही.” त्यात राग नव्हता हो. हसत म्हणाले. नंतर म्हणाले की त्यांना तो खेळ आवडत होता, बारावीपर्यंत पोहायचं होतं, पण घरात त्याचं काम संपलं होतं. हल्ली ते सुट्टीच्या दिवशी पोहायला जातात. घड्याळ काढून ठेवतात म्हणे.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं आहे तर मुलीला काढत का नाही? कारण काढायचं ठरवणारी मी नाही, ती आहे. ही अटही टीममध्ये घालतानाच घरात ठरलेली बरी. ती काही चॅम्पियन नाही. जिल्ह्यात पहिल्या आठात कधी येते, कधी नाही. पण रात्री स्वतःची बॅग स्वतः भरते, चष्म्याचा जादा पट्टाही ठेवते. हरलेल्या मैत्रिणीशेजारी काही न बोलता बसता येतं तिला. मला चाळिशीतही जमत नाही. आणि रिलेच्या दिवशी ती वेगळीच मुलगी असते. चार जणी, एकीचा हात भिंतीला लागल्याशिवाय दुसरीने ठोकळा सोडायचा नाही, आणि काठावर बाकीच्या घसा फुटेस्तोवर ओरडणार. इतर दिवशी प्रत्येकीचा घड्याळाशी झगडा स्वतंत्र. गेल्या वर्षी त्यांची रिले पाचवी आली. घरी परतताना चौघींनी गाडीत जो गोंधळ घातला, त्यावरून सिग्नलवरच्या हवालदाराला वाटलं वर्ल्डकप जिंकला. तुम्ही विचारलंत, “पाचवी? मग मेडल?” चौघी तुमच्याकडे अशा बघत राहिल्या की तुम्हाला जिना चढून जावं लागलं. लिफ्ट चालू असून.

तेव्हा काका, तुमची सेवा बंद करा असं मी म्हणत नाही. तुमचा उत्साह थोपवणं महापालिकेलाही जमणार नाही. तुमचं खातं फक्त बदलते. मी काकूंशी बोलले आहे. तुमचं लायसन्स चालू आहे, गाडी महिन्यातून दोनदा निघते, आणि तुम्ही चारला उठून पेपरवाल्याची वाट बघत बसता, हे त्यांनीच सांगितलं. आमच्या पाळीच्या यादीत मंगळवार रिकामा होता. तिथे तुमचं नाव घातलं आहे. बी विंगच्या मुलाचे वडीलही त्या दिवशी तुमच्या शेजारच्या सीटवर येतील. त्यांना काय विचारायचं असेल ते टँकच्या काठावर बसून विचारू द्या, लिफ्टपाशी नको.

आपली,
सातव्या मजल्यावरची शेजारीण

ता. क. चार पन्नासला गेटपाशी. तिघी आहेत, एक झोपेतच चढेल, तिला उठवू नका. येताना मागच्या सीटवर जुनी चादर टाका, ओले टॉवेल असतात. आणि परतीच्या वाटेवर रेडिओ लावायचा.